समुद्राकडून आलेली वायर

१

आजोबाला, म्हणजे पॉपला, घरी आणायचं तर खालच्या मजल्यावर खोली हवी, खोली बांधायची तर मागची भिंत पाडायला हवी, आणि मागच्या भिंतीवर विजेचा मीटर. टॅमसिन अपशॉलच्या आयुष्यातल्या सगळ्या अडचणी अशाच एकीच्या शेपटीला दुसरी बांधून यायच्या आणि शेवटच्या टोकाला मर्टल आत्या बसलेली असायची.

"नाताळाच्या आत खोली झाली नाही तर वृद्धाश्रमातली जागा मी घेऊन टाकणार," आत्या फोनवर म्हणाली. "ऐंशीला टेकलेला माणूस, खुब्याचं हाड मोडलेलं. त्याला काय जिना चढायला लावणारेस?"

"खोली होईल."

"तुला काय कळतं गं बांधकामातलं? कॉलेजात शिकवतात होय हे?"

"तू तर कुठेच न शिकता सगळ्यातलं बोलतेस. मग मला शिकून थोडं तरी कळेलच की," टॅमसिन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आत्या सेंट जॉन्स शहरात राहायची. दवाखान्यातून सुटल्यापासून पॉप तिच्याकडेच होता. रोज संध्याकाळी तो टॅमसिनला फोन करायचा. कॉड मासा किती मिळाला, कुणाच्या होडीचं इंजिन बिघडलं, हे सगळं विचारायचा, आणि फोन ठेवताना हळूच म्हणायचा, "इथे खिडकीतून नुसती गाड्या लावायची जागा दिसते गं पोरी."

टॅमसिनचे आईबाप तेलाच्या कामावर कॅनडाच्या पार पश्चिमेला, अल्बर्टाला गेले ते तिकडचेच झाले. तिला वाढवलं पॉपने. जाळी विणून राठ झालेल्या बोटांनी तो तिची वेणी घालायचा आणि ती इतकी घट्ट घालायचा की शाळेत दिवसभर तिच्या भुवया वर चढलेल्या असायच्या. त्या माणसाने मरेपर्यंत गाड्या बघत बसावं, हे तिला मान्य नव्हतं.

फक्त एका गोष्टीत तो तिच्या आड आला होता. "खोली पुढच्या बाजूला बांध," तो म्हणाला होता. "मागच्या भिंतीला हात नको."

"पुढे खडक आहे, पॉप. सुरुंग लावू का?"

त्यावर त्याने तिकडची हवा कशी आहे ते विचारलं होतं. म्हाताऱ्यांचं हे एक बरं असतं, कारण विचारलं की त्यांना ऐकू येईनासं होतं.

२

लेस्टर हा नात्याने काका, धंद्याने इलेक्ट्रिशियन आणि स्वभावाने रडतोंड्या. त्याने मागची भिंत पाहिली, मीटर पाहिला, आभाळ पाहिलं आणि तिन्हींना एकच सुस्कारा सोडला.

काम सरळ होतं. वीज कंपनीचा माणूस खांबावरून लाइन सोडवणार, लेस्टर मीटर आणि बोर्ड बाजूच्या भिंतीवर नेणार, इन्स्पेक्टर पाहून जाणार, मग कंपनी लाइन परत जोडणार. तोवर काही दिवस घरात वीज नाही.

मंगळवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. त्याने लाइन सोडवली, वेटोळं करून गवतात टाकली आणि चहा न घेताच गेला. स्वयंपाकघरातला फ्रीज एक उचकी देऊन थांबला. घर इतकं शांत झालं की खाली धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटलेलं ऐकू येऊ लागलं. टॅमसिन मेणबत्त्या शोधायला मागच्या पडवीत गेली, फळीवरचं खोकं काढलं, मेणबत्त्या मोजायला उजेडात धरल्या आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण उजेडात उभ्या आहोत.

पडवीतला बल्ब चालू होता. उजेड मंद होता, काकवीच्या रंगाचा.

"काका!"

लेस्टर आला. बल्बकडे बघत त्याने टोपी मागे सारली. "कुणीतरी जनरेटर लावलाय. लोकांना धड लावता येत नाही, मग त्यांची वीज उलटी लाइनवर येते. असल्यानेच माणसं मरतात."

"लाइन गवतात पडलीय, काका."

लेस्टरने दारातून गवताकडे पाहिलं. मग बल्बकडे पाहिलं. मेन स्विच बंद होता, तरी त्याने तो एकदा चालू करून पुन्हा बंद केला. सगळे फ्यूज काढून खिडकीत ओळीने ठेवले. बल्ब जळत राहिला. शेवटी त्याने बाहीने धरून बल्बच काढला आणि होल्डरला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला.

"तारांमध्ये कधी कधी उरते थोडी," तो म्हणाला.

"पाणी उरतं तशी?"

"तू आता मला धंदा शिकव," लेस्टर म्हणाला, पण रागावला नाही. लेस्टरकाका रागावला नाही, हेच टॅमसिनला आवडलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी तिला कळलं की स्वयंपाकघरातला चुलीशेजारचा सॉकेटसुद्धा चालतो. किटली लावली तर पाणी उकळायला फार वेळ लागला, पण उकळलं. तिने दोन मग भरले, डब्यातलं दूध घातलं आणि एक लेस्टरपुढे ठेवला.

"किटली कुठे लावलीस?" त्याने विचारलं.

"सॉकेटला."

लेस्टरने मग दोन बोटांनी लांब सरकवला. "मला नको."

"अरे चहा आहे, काका. वीज चहात उतरत नाही."

"कुठली वीज आहे ते कळल्यावर पिईन."

टॅमसिनने दोन्ही मग संपवले. ती काही भित्री नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर चहा चांगला झाला होता. पॉप करतो तसा, जरा जास्तच गोड. तिने साखर घातली नव्हती, हे तिला मग विसळताना आठवलं. मग तिने स्वतःला समजावलं की डब्यातलं दूध गोडच असतं. तसं ते नसतं. आयुष्यभर ती तेच दूध पीत आली होती.

त्या दिवसांत बाहेर पाण्याच्या बादलीवर बर्फाची साय धरत होती आणि चूल सोडली तर घरात कुठे ऊब नव्हती. फक्त बोर्डामागची भिंत कोमट होती. लेस्टर जेवायला गेला की टॅमसिन तिथे पाठ टेकून उभी राहायची. थंडीत कुणी पाठीवरून हात फिरवावा तसं वाटायचं. एकदा तर ती तशी उभी असतानाच तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा लेस्टर दारात उभा होता.

"तिथून हो बाजूला," तो हळू आवाजात म्हणाला. "पोरी, हो बाजूला. तो बोर्ड मला उघडू दे."

४

बोर्डामागे दुसरी एक वायर होती. जुनी, काळी, मनगटाएवढी जाड. असली वायर घराला कुणी लावत नाही. ती फळीतून खाली उतरली होती आणि जमिनीखाली गेली होती. लेस्टरने तिची जोडणी सोडवली. पडवीतला बल्ब विझला. मग त्याने टेस्टर आधी बोर्डाला लावला, मग वायरच्या सुट्या टोकाला.

"घराकडचं टोक मेलेलं," तो म्हणाला. "हे जिवंत. घरातून वीज बाहेर जात नाहीये, टॅमसिन. बाहेरून घरात येतेय."

आणि त्याने घाईघाईने ती होती तशी परत जोडून टाकली. बल्ब लागला. मघापेक्षा जरा जास्तच उजळ लागला. कुणाचा हात झटकावा आणि पुन्हा धरावा, की ते माणूस मग जास्त घट्ट धरतं, तसा.

"तुझ्याच्याने होत नसेल तर मी बघते कुठे जाते ती," टॅमसिन म्हणाली आणि कुदळ घेऊन बाहेर पडली.

वायर फार खोल नव्हती. घराखालून निघून बटाट्याच्या वाफ्याच्या कडेने, मासे वाळवायच्या जुन्या मांडवाखालून ती सरळ उताराला लागली होती. किनाऱ्यावर ती नीट हाताने रचलेल्या दगडांखाली होती. दगड संपले तिथे ती पाण्यात शिरली. ओहोटी होती, म्हणून बरीच दूरवर दिसली. शेवाळ धरलेली, जराही न वळता गेलेली.

समोर टिल्ट बेट होतं. एके काळी अपशॉल सगळे तिथेच राहत. सरकारने बेटावरची वस्ती हलवली तेव्हा पॉपने हे घर पिंपांवर तरंगवत खाडीच्या अलीकडे आणलं होतं. बेटावर आता माणूस नाही, घर नाही. वीज तर तिथे कधी गेलीच नव्हती.

"कुणाची तरी जुनी तारायंत्राची केबल असेल," टॅमसिन म्हणाली.

"असेल," लेस्टर म्हणाला. टोपी त्याने हातात घेतली होती.

५

संध्याकाळी पॉपचा फोन आला. तिने कॉडबद्दल काही सांगितलं नाही.

"पॉप, मागच्या भिंतीत काय आहे?"

पलीकडे आत्याच्या टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"माझी आई बेटावर मागे राहिली ना गं," पॉप म्हणाला. "घर आणलं, गुरं आणली, चर्चची घंटासुद्धा आणली. कबरी कोण आणणार? आदल्याच वसंतात तिला तिथे पुरली होती. मग इकडे वीज आली. सगळ्या गावात काय आनंद! पहिल्या रात्री मी दिव्याखाली बसलो आणि मला घास जाईना. तिला अंधाराची फार भीती होती. चिमणी कधी विझवू द्यायची नाही. तर मी इथे उजेडात, आणि ती तिथे."

"म्हणून तू वायर टाकलीस? समुद्रातून?"

"तारायंत्र कंपनीने टाकून दिलेली केबल होती. होडीतून सोडत नेली. तिच्या उशाशी मातीत खोचून आलो."

"बल्ब?"

"बल्ब कशाला? तिला कळलं असतंच."

टॅमसिनला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती ओरडली, "मातीत खोचलेल्या वायरने रोज फ्यूज उडायला हवा होता! घर जळलं असतं, पॉप! आणि आता ती वीज परत कशी येतेय?"

"येतेय?" पॉपचा आवाज लहान मुलासारखा झाला. "परत येतेय? बघ. आपल्या घरात अंधार झालेला तिला कळला."

टॅमसिनने डोळे मिटले. "पॉप, ऐक. जिवंत वायर घरात शिरते आणि ती कुठून येते ते कुणाला माहीत नाही, असं असलं तर इन्स्पेक्टर पास करणार नाही. लाइन जोडणार नाहीत. खोली होणार नाही. ती कापावी लागेल."

"मग मला वृद्धाश्रमात टाक."

"काय?"

"मी गाड्या बघेन. कापू नकोस, पोरी."

मेलेल्या बाईसाठी हा माणूस जिवंत नातीला सोडायला तयार होता. टॅमसिनने फोन इतक्या जोरात आपटला की पडवीतला बल्ब लुकलुकला. निदान आपटल्यामुळेच लुकलुकला, असं तिने धरलं.

६

कापायला लेस्टरने साफ नकार दिला. "नवा बोर्ड मी लावून देतो. ते तुझं तू बघ. आणि कापलीस की मला फोन करू नकोस."

तिने पॉपचे मासेमारीचे रबरी हातमोजे चढवले, लेस्टरच्या गाडीतला मोठा कटर न विचारता उचलला आणि दुपारच्या लख्ख उन्हात किनाऱ्यावर उतरली. तिला कुठल्याही गोष्टीचा उगाच सोहळा करायचा नव्हता. दगड बाजूला केले. वायर मोज्यातूनही कोमट लागत होती. "माफ कर हं, पणजी," ती म्हणाली. "तुझ्याकडे तो पुष्कळ वर्षं होता. आता माझ्याकडे असू दे." आणि तिने कटर दाबला.

ना ठिणगी उडाली, ना आवाज झाला. तिने मान वर केली तेव्हाच बेटावरचा दिवा विझला.

तो दिवा ती जन्मापासून बघत होती. बेटाच्या कडेला, बारीक, पिवळसर, दिवसासुद्धा निरखलं तर दिसणारा. कोस्टगार्डचा असणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं. त्याकडे कुणी मुद्दाम पाहिलं नव्हतं. आपण तो पाहत होतो, हेच तिला तो गेल्यावर कळलं.

मग पायाशी काहीतरी सरकलं. वायरचं कापलेलं टोक पाण्याकडे निघालं होतं. हातभर गेलं, थांबलं. पुन्हा हातभर, पुन्हा थांबलं. लाट ओढते ती अशी थांबून थांबून ओढत नाही. होडीत बसलेलं माणूस दोर आत घेतं, एक हात, मग दुसरा हात, तसं ते जात होतं.

भरतीमुळे असेल, टॅमसिनने मनाशी म्हटलं. भरतीचं पाणी किनाऱ्याकडे येत होतं आणि वायर उलट्या दिशेने चालली होती, हे तिला दिसत होतं. तरीही घरी पोचेपर्यंत ती 'भरतीमुळे' हेच म्हणत राहिली.

७

इन्स्पेक्टरने पास केलं. लाइन जोडली. भिंत पडली, खोली उभी राहिली, समुद्राच्या बाजूला मोठी खिडकी बसली. नाताळ अजून यायचा होता. मर्टल आत्या पॉपला घेऊन आली, खोलीत फिरून तिने चारही भिंती ठोकून पाहिल्या आणि म्हणाली, "बरी झालीय." आत्याच्या तोंडून हे म्हणजे तोफांची सलामीच होती.

"तू रडतेयस का, आत्या?"

"डोळ्यांत रंगाचा वास गेलाय," आत्या म्हणाली आणि जाताना खोकंभर मुरंबे ठेवून गेली.

पॉप खिडकीशी खुर्चीत बसला. सगळे दिवे लावून टॅमसिनने त्याला दाखवले. पलंगाशेजारचा, न्हाणीतला, खिडकीवरचा. तो हसला, तिच्या हातावर थोपटलं, आणि मग बेटाकडे पाहिलं.

"कापलीस."

"हो."

ती भांडायच्या तयारीत उभी राहिली. पण पॉप चिडला नाही. "माझी दाढी करून दे," तो म्हणाला. "आणि निळा शर्ट काढून ठेव."

"कशाला?"

"ती अंधारात राहायची नाही गं. येईल." आवाजात भीती नव्हती, पण त्याची बोटं घोंगडीची कड चुरगाळत होती. "आणि एवढं पाणी ओलांडून आली, की मी तिला एकटीला थोडीच परत पाठवणार? एकदा मागे सोडली तेवढं पुरे."

"तू कुठेही जाणार नाहीयेस," टॅमसिन म्हणाली. तिने त्याची दाढी केली. शर्ट मात्र कपाटाच्या तळाशी टाकला.

८

त्या आठवड्यात दुपारचं जेवण आटोपता आटोपता धुकं उतरलं. खाडी गेली, धक्का अर्धा गेला. पॉप जेवून पडला होता. टॅमसिन ताटल्या विसळत होती तेव्हा तिला वल्ह्यांचा आवाज आला. लाकडावर लाकूड, मग पाण्याचा चुबुक, पुन्हा लाकूड. गावात आता वल्ही मारणारं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या होड्यांना इंजिनं होती.

कुणी पाहुणा धुक्यात वाट चुकला असेल. ती ओल्या हातांनीच धक्क्यावर गेली. कोण आहे ते बघायचं, हे तुमचं घर नाही, पुढे जा, म्हणून सांगायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

धुक्यातून आधी होडीचं टोक आलं. मग पाठ. वल्हं मारणाऱ्याची पाठच किनाऱ्याकडे असते. लहानखुरी, करड्या लोकरीतली, मानेवर पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. इतका घट्ट, की कानामागची कातडी ताणलेली. वल्ही थांबली. मान न वळवता, खांद्यावरून, त्या बाईने दोर फेकला.

टॅमसिनने तो झेलला.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. होडी कुणाची आहे, आत कोण आहे, हे नंतर विचारायचं. आधी दोर झेलायचा, कारण न झेललेला दोर म्हणजे पाण्यात गेलेलं माणूस. म्हाताऱ्यांच्या सगळ्या रीतींना नावं ठेवणाऱ्या टॅमसिनच्या हातांनी तिला न विचारता ते केलं होतं. दोर ओला होता आणि कोमट होता.

सोडून द्यावा, हा विचार तिच्या मनात आला. सोडला तर होडी धुक्यात मागे जाईल. पण मग ती रोज दुपारी येईल. आणि एखाद्या दुपारी टॅमसिन दुकानात गेली असेल, आणि धक्क्यावर दोर झेलायला काठी टेकत पॉप येईल.

"पोरी," नव्या खोलीच्या खिडकीतून त्याचा आवाज आला. "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, पॉप! तू झोप!"

तिने दोर धक्क्याच्या खुंट्याला गुंडाळला आणि गाठ मारली. तिच्यावर दुसरी मारली. तिसरी मारताना तिने सगळं अंग मागे टाकून ओढलं, होडी या धक्क्यावरून आता कुणालाच सोडवता येऊ नये इतकं. ती चिडलेली होती. चिडलेली असली की तिला धीर यायचा.

"राहायचं तर राहा," ती गाठीकडे बघत म्हणाली. वर बघायची तिची तयारी नव्हती. "खोली मोठी आहे. दिवे लावून ठेवीन, रात्रभर ठेवीन. चहा गोड करीन. पण त्याला न्यायचं नाही. ऐकलंस? त्याला न्यायचं नाही."

होडीत वल्ही आत ओढून ठेवल्याचा आवाज झाला. धक्क्याच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी करकरली.

टॅमसिनने चौथी गाठ मारायला घेतली.